बाळसे की सूज?

मराठी शिकवण्याचा व्यवसाय वीस वर्षे केला म्हणजे माणसाला एक खोड जडते. त्याला वस्तू आधी दिसत नाही, तिचे नाव आधी दिसते. या सदराच्या वाचकांना माझी ही खोड चांगली परिचयाची आहे आणि त्यांनी ती आजवर मोठ्या मनाने सोसलीही आहे. यंदाच्या दिवाळी अंकात मात्र मला तिची फुशारकी मारायची नाही; एक कबुली द्यायची आहे. या शब्दांच्या नादामुळे माझ्याच घरातली, माझ्या डोळ्यांदेखत वाढत असलेली एक गोष्ट मला तीनचार वर्षे दिसली नाही. ती गोष्ट म्हणजे आमच्या चिरंजीवांचे वजन.

गेल्या वर्षीची नरकचतुर्दशी. पहाटेची वेळ, न्हाणीघराच्या दाराशी पाट मांडलेला, पाटाभोवती रांगोळी, वाटीत कोमट तेल नि दुसऱ्या वाटीत उटणे. दहा वर्षांचे चिरंजीव पाटावर बसले खरे, पण बनियन काढीनात. आईने दटावले तेव्हा कुठे ते उतरले. तेल लावून झाले, उटणे सुरू झाले, आणि आईचा हात मानेवर थांबला.

"केवढा मळ साचलाय रे हा! मातीत लोळतोस की काय शाळेत?"

"आजी, दुखतंय गं!"

"आई, मी रोज घासते हो," आमच्या सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तो निघतच नाही."

मग उटण्याचा दुसरा हात झाला, डाळीचे पीठ झाले, लिंबाची फोड झाली. मान लाल झाली. पण मानेच्या मागचा तो काळसर पट्टा जसाच्या तसा. मी चहाचा कप हातात घेऊन दारात उभा होतो. म्हटले, "राहू द्या आता. साक्षात नीलकंठ जन्माला आलाय आपल्या घरात!"

सगळे हसले. चिरंजीव हसले नाहीत. त्यांनी टॉवेल ओढला आणि खांद्यावरून पोटापर्यंत नीट गुंडाळून घेतला. ही गोष्ट मी पाहिली. पण तेव्हा माझी सगळी मती आपल्या कोटीवर खूश होण्यात गुंतली होती.

भाऊबीजेला माझी बहीण आली. तिची मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. ओवाळणी झाली, फराळ झाला आणि ती भावाच्या मानेकडे पाहत मला हळूच म्हणाली, "मामा, तो मळ नाहीये. त्याला एकदा डॉक्टरांकडे ने. आणि प्लीज, घासू नका."

तिच्या बोलण्याचा मला थोडा रागच आला, हे प्रामाणिकपणे सांगतो. आमचा मुलगा आजारी? तो तर चांगला अंगापिंडाने भरलेला, खात्यापित्या घरचा! रात्री मी वजनकाटा काढला, टेप काढली. उंची १४४ सेंटिमीटर, वजन ४९ किलो. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे, म्हणजे तो सुप्रसिद्ध बॉडी मास इंडेक्स निघतो. भागाकार केला, उत्तर आले २३.६. तक्त्यात पाहिले: २५ च्या खाली असेल तर उत्तम. मी विजयी मुद्रेने सौ.ना म्हणालो, "बघ, उगाच घाबरवलं पोरीने." तो तक्ता मोठ्या माणसांचा होता, ही क्षुल्लक बाब माझ्या ध्यानात आली नव्हती.

पण त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट हाती आली. सुट्टीचा अभ्यास तपासताना निबंधाची वही उघडली. विषय नेहमीचाच: 'मला पंख असते तर'. हजारो मुलांनी या विषयावर हजारो ढग पालथे घातले आहेत. आमच्या चिरंजीवांनी मात्र चार ओळींत आटोपते घेतले होते. शेवटची ओळ अशी: 'पण मला पंख असते तरी मी झाडावर बसलो नसतो, कारण फांदी मोडली असती आणि सगळे हसले असते.'

मी रोज पन्नास उत्तरपत्रिका तपासणारा माणूस. त्या ओळीवर माझी लाल पेन्सिल चालेना. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांची वेळ घेतली.

बालरोगतज्ज्ञ बाई मोठ्या शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी आधी चिरंजीवांशी क्रिकेटच्या गप्पा मारल्या, मग उंची-वजन मोजले, कंबर मोजली, रक्तदाब पाहिला आणि मान पाहिली. मानेच्या त्या काळेपणाला ॲकॅन्थोसिस निग्रिकान्स असे भारदस्त लॅटिन नाव आहे. त्याची हकिकत त्यांनी सोप्या भाषेत सांगितली. रक्तातली साखर पेशींत पोचवण्याचे काम इन्शुलिन करते. अंगात, विशेषतः पोटात, चरबी फार साठली की शरीर इन्शुलिनला दाद देईनासे होते. मग स्वादुपिंड अधिक इन्शुलिन सोडते. रक्तातल्या त्या जादा इन्शुलिनमुळे कातडीच्या पेशी भराभर वाढतात आणि मान, काख अशा जागी कातडी जाड, काळसर, हाताला मखमलीसारखी लागू लागते. तो मळ नसतो, म्हणून घासून जात नाही. पुढे मधुमेह होण्याचा धोका आहे, अशी ती आतून आलेली सूचना असते. आम्ही ती सूचना लिंबू लावून पुसायला निघालो होतो!

मी माझा २३.६ चा आकडा अभिमानाने पुढे केला. बाईंनी कपाटातून एक आलेख काढला. लहान मुलाला मोठ्यांचा तक्ता लावायचा नाही, हा पहिला धडा. मुलाची शरीरघडण दरवर्षी बदलते, म्हणून त्याचा आकडा त्याच्या वयाच्या आणि मुलगा की मुलगी त्या आलेखावर मांडावा लागतो. आपल्याकडच्या ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडिएट्रिक्सने, २०१५ साली असे आलेख प्रसिद्ध केले. त्यांत दोन रेषा महत्त्वाच्या: एक जादा वजनाची, दुसरी लठ्ठपणाची. मोठेपणच्या २३ आणि २७ या आकड्यांशी त्या जुळवलेल्या आहेत. दहा वर्षांच्या मुलाचा २३.६ हा आकडा वरच्या रेषेच्याही वर जाऊन बसला. माझी विजयी मुद्रा त्या आलेखावरच गळून पडली.

"थायरॉईड वगैरे असेल का हो?" सौ.नी विचारले. आईवडिलांना हा प्रश्न का सुचतो ते मला तिथेच कळले. थायरॉईड असला म्हणजे आपण सुटलो! बाई म्हणाल्या, "ग्रंथींच्या विकारामुळे जाड होणारी मुलं थोडी असतात, आणि ती बहुधा उंचीला खुजी राहतात. हा तर वयाच्या मानाने उंच आहे. नुसत्या खाण्याने नि बैठेपणाने वजन वाढलेली मुलं या वयात बहुधा उंचच दिसतात. तरी तपासण्या करू." तपासण्यांत साखर हद्दीत निघाली, यकृताचा एक आकडा मात्र वर होता. यकृतात चरबी साठू लागल्याची ती खूण.

घरी परतताना माझ्या डोक्यात आजारापेक्षा शब्दच घोळत होते. खोड मेल्याशिवाय जात नाही. आपल्या मराठीत अंगावर मांस असलेल्या मुलासाठी केवढे शब्द आहेत पाहा: बाळसेदार, गुटगुटीत, गुबगुबीत, गोंडस, धष्टपुष्ट, भरल्या अंगाचा. सगळे कौतुकाचे. नसेल त्याच्यासाठी काटकुळा, किडकिडीत, मरतुकडा आणि पाप्याचे पितर. सगळे धिक्काराचे. मग मूल आठनऊ वर्षांचे झाले की एके दिवशी कौतुकाचे शब्द एकाएकी संपतात आणि जाड्या, ढोल्या, भोपळा ही दुसरी फौज चालून येते. कौतुक आणि टवाळी यांच्यामध्ये, शांतपणे पाहून 'अरे, याचे वजन जरा वाढते आहे' एवढेच सांगणारा शब्द आपण वापरीतच नाही. म्हणून घरात कौतुक होते, वर्गात टवाळी होते, आणि मूल मात्र कुणाला दिसत नाही. मी तर बाप नि मास्तर दोन्ही. मी दोन्ही चुका एकाच वाक्यात केल्या. 'नीलकंठ' हे कौतुकही होते नि टवाळीही.

भाषेचा मात्र दोष नाही. तिने जे पाहून ठेवले आहे ते आपणच विसरलो. आपण म्हणतो, बाळ बाळसे धरते. आणि पुढे म्हणतो, बाळसे ओसरते. नेमके हेच शास्त्र सांगते. पहिल्या वर्षात मुलाच्या अंगावर चरबी चढते, ती चढायलाच हवी. मग मूल चालू-धावू लागते, उंच होते, तसा हा निर्देशांक उतरत जातो. पाचसहा वर्षांच्या सुमारास तो सर्वांत खाली येतो आणि तिथून पुन्हा हळूहळू चढतो. ही चढण वेळेआधीच, तिसऱ्या-चौथ्या वर्षीच सुरू झाली, तर पुढे लठ्ठपणाचा धोका अधिक. बाळसे ओसरलेच नाही, तर जुनी माणसे शंकेने विचारीत, 'हे बाळसे की सूज?' आपण हा प्रश्न राजकारण्यांच्या मतांना नि कंपन्यांच्या नफ्याला विचारतो. मुलाला विचारायचे राहून जाते.

माझ्या आईला हे पटवणे सर्वांत अवघड होते. तिच्यापुढे डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने जे सांगितले ते मी आजवर कधी ऐकले नव्हते. १९७२ चा दुष्काळ. ती एकोणीस वर्षांची, सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात. घरची मोठी माणसे खडी फोडायला जात, घरात मिलोच्या लाल भाकरी नि कामावर मिळालेली सुकडी. त्यात तिच्या चार वर्षांच्या धाकट्या भावाला गोवर निघाला. "अंगावर काही नव्हतंच रे त्याच्या," ती म्हणाली. "ताप खाणार काय? शेजारचा पोरगा अंगानं चांगला होता, तो उठला. हा नाही उठला." गंमत म्हणू की दैव म्हणू, एकोणिसाव्या शतकात केतले या बेल्जियन गणित्याने शोधलेल्या वजन-उंचीच्या त्या सूत्राला ॲन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले ते १९७२ सालीच. तिकडे लोक जादा चरबी मोजण्याची रीत ठरवीत होते, त्या वर्षी माझ्या आईने उलटा हिशेब शिकून घेतला होता: अंगावरचे मांस ही पोराच्या जिवाची शिल्लक.

आणि आमचे चिरंजीव जन्मले ते २ किलो ६०० ग्रॅमचे. आईच्या छातीत धस्स झाले असणार. त्या दिवसापासून तिने तूप, साखर, गूळ-पोळी यांची जी शिल्लक टाकायला सुरुवात केली, ती दहा वर्षे थांबली नाही.

पुढच्या भेटीला मी आईलाही बरोबर नेले. तिची हकिकत ऐकून बाई म्हणाल्या, "आजी, तुमचं चुकलं नाही. तुम्ही पाहिलेल्या दिवसांना तो हिशेब बरोबरच होता. पण आता शिल्लक पडत राहते आणि काढायचा दिवस येतच नाही."

मग त्यांनी पुण्यातलीच एक गोष्ट सांगितली. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांची मोजमापे घेतली आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपले बाळ सरासरी २.७ किलोचे, तिकडचे ३.५ किलोचे. पण आपल्या बाळाचे स्नायू नि पोटातले अवयव जितके लहान निघाले, तितकी कातडीखालची चरबी कमी निघाली नाही. म्हणजे बाळ दिसायला बारीक, पण चरबीच्या हिशेबाने नव्हे. २००३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी डॉ. याज्ञिकांनी आपला नि लंडनच्या डॉ. यूडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र यूडकिनांच्या ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! अशा आपल्या अंगकाठीवर, जन्मतः लहान बाळाला भराभर वजन चढवले, तर मधुमेहासारख्या रोगांची वाट लवकर मोकळी होते. उपासमार आणि लठ्ठपणा ही दोन टोके नसून एकाच दोरीचे दोन पदर आहेत, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा समजले. युनिसेफच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगातल्या शाळकरी वयाच्या मुलांत लठ्ठ मुलांचे प्रमाण कमी वजनाच्या मुलांपेक्षा पहिल्यांदाच पुढे गेले. आमच्या घरात हे सगळे स्थित्यंतर एकाच आजीच्या आयुष्यात घडून गेले होते.

उपाय म्हणून मी उपासतापासाची तयारी मनाशी केली होती. बाईंनी ती मोडून काढली. वाढत्या मुलाला उपाशी ठेवायचे नाही, आणि पुष्कळदा वजन उतरवायचेही नाही. ते आहे तिथे धरून ठेवायचे आणि उंचीला पुढे जाऊ द्यायचे. त्याच्या वयाचे मूल वर्षाला पाचसहा सेंटिमीटर वाढते. त्या वाढीलाच आपले काम करू द्यायचे. दुसरी अट अशी की जे बदलायचे ते साऱ्या घराने बदलायचे. एकट्या मुलाला उकडलेली भाजी नि बाकीच्यांना बटाटेवडा, हे पथ्य नव्हे, ती शिक्षा.

सौ.नी तीन दिवस खाण्याची टिपणे ठेवली. ती वाचून आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. सकाळी दुधात डब्यातली गोड पावडर नि वर दोन चमचे साखर, ही सौ.ची. शाळेतून आल्यावर गूळ-पोळी, ही आईची. संध्याकाळी येताना आणलेला वेफर्सचा पुडा नि शीतपेयाची बाटली, ही माझी. साध्या तीनशे मिलिलिटरच्या कोलात सहासात चमचे साखर असते, हे मला ठाऊक नव्हते. रात्री मोबाईल पाहत जेवण. पोट भरले की नाही याचा पत्ता ना त्याला ना आम्हाला. प्रत्येकाने आपापल्या मायेचा घास भरवला होता. बेरीज कुणी केली नव्हती.

वर्षभर आम्ही काही पराक्रम केला नाही. पावडर नि बाटली घरात येणे बंद झाले. तहानेला पाणी किंवा ताक. जेवताना सगळ्यांचे मोबाईल, प्राध्यापकांचासुद्धा, शेल्फावर. झोप दहा वाजायच्या आत, कारण या वयाला नऊ तासांहून कमी झोप पुरत नाही, आणि कमी झोपलेले मूल अधिक खाते. रोज तासभर अंगमेहनतीचा खेळ. इथे मोठी अडचण आली. आमच्या सोसायटीत 'येथे चेंडू खेळू नये' अशी पाटी आहे. मोटारींना जागा आहे, मुलांना नाही. आणि मैदानावर जायला चिरंजीव तयार नव्हते. तिथे हसणारी मुले होती. तोड काढली ती आईने. "मला फिरायला सोबत लागते," असे सांगून ती त्याला रोज टेकडीवर नेऊ लागली. दोन महिन्यांनी तो पुढे आणि ती मागे, असे होऊ लागले. पावसाळ्यानंतर तो एकटाच मैदानावर गेला. मी काही बोललो नाही. वर्षभरात न बोलणे ही एकच नवी विद्या मी शिकलो आहे.

आता वजन ५० किलो, उंची १५० सेंटिमीटर. आकडा २२.२. आलेखावर तो वरच्या रेषेखाली आला आहे. खालच्या रेषेच्या अजून वर आहे. यकृताचा आकडा उतरला. मानेचा पट्टा गेलेला नाही, थोडा उजळला आहे. मधे परीक्षेच्या महिन्यात दीड किलो वाढले, ते पुन्हा सावरावे लागले. काम चालू आहे, एवढेच म्हणतो.

वाचकहो, तुमच्या घरी असे मूल असेल तर ते ओळखायला फार विद्या नको. कमरेला बसणारी विजार पायात चार बोटे दुमडावी लागते का, हे पाहा. एक दोरी घ्या, मुलाच्या उंचीएवढी. ती निम्मी दुमडून कमरेभोवती, पोटावरून, टाका. टोके एकमेकांना पोचली नाहीत, तर डॉक्टरांकडे जा. दोन जिने चढून धाप लागते का, झोपेत घोरतो का, मानेवर न जाणारा काळेपणा आहे का, हेही पाहा. आणि तो खेळायला का जात नाही, हे न रागावता विचारा. वर्षातून दोनदा उंची नि वजन मोजून वहीत लिहून ठेवा; मुलाचे गुण आपण जपून ठेवतो, मग हे का नको? वाढलेले वजन हा मुलाचा आळस नव्हे नि आईचा अपराधही नव्हे. पण ते आपोआप ओसरेल म्हणून डोळे मिटून बसणे, हा मात्र आपणा मोठ्यांचा अपराध होय.

यंदाही आमच्याकडे चकल्या होणार, बेसनाचे लाडू होणार. बाईंनी दिवाळीला बंदी घातलेली नाही. त्यांचे भांडण उरलेल्या तीनशे साठ दिवसांशी आहे. उटणेही आणले आहे. आईने आत्ताच बजावून ठेवले आहे, "मानेवर हलक्या हाताने लावीन हो, घासणार नाही." त्यावर चिरंजीव म्हणाले, "आणि बाबांना दारात उभं राहू देऊ नकोस."

त्यांची अट मला मान्य आहे. तुम्ही फराळाचे ताट पुढ्यात घेऊन हे वाचीत असाल, तर ताट बाजूला सारू नका. लाडू खा, मुलालाही द्या. फक्त त्याच्याकडे एकदा नीट पाहा. गुटगुटीत म्हणून नको, जाड्या म्हणूनही नको, नुसते त्याच्याकडे पाहा.